गेलेल्या घटकेची भरपाई



ज्या दिवसांत आपण ही व्याख्याने ऐकायला जमतो त्याच दिवसांतली, १९५३ सालच्या मे महिन्यातली एक हकीकत सांगून विषयाला आरंभ करतो. रत्नागिरी जिल्ह्यात पालशेत नावाचे समुद्रकाठचे एक गाव आहे. तेथे ६ मे रोजी सूर्यास्ताच्या सुमारास एका वीस वर्षांच्या मुलाला वाळवंटात अपघात झाला आणि त्याच्या डाव्या मांडीचे हाड मोडले. घर तेथून दीड मैलावर. खाट आणून त्याला घरी नेईपर्यंत रात्र पडली. गावच्या डॉक्टरांनी लाकडी फळ्या बांधून पाय स्थिर केला आणि दुसऱ्या दिवशी पुण्यास हलवा असा सल्ला दिला. मग मोटार ठरवली, आणि सुमारे दोनशे मैलांचा रस्ता तोडून आई मुलाला घेऊन ९ मे रोजी पुण्यास पोहोचली. वडील स्वतः डॉक्टरच होते. दौंडला त्यांचा व्यवसाय होता. तेही पुण्यास आले. दुपारी सव्वादोनला मुलगा एका शल्यवैद्यांच्या रुग्णालयात दाखल झाला. साडेपाचच्या सुमारास पायाला प्लास्टर घालून त्याला खोलीत आणले. सातपर्यंत गुंगी उतरेल असे सांगितल्यामुळे वडील दौंडला परतले. साडेसहाला आईच्या लक्षात आले की, मुलाला श्वास घ्यायला त्रास होतो आहे. धावाधाव झाली, उपचार झाले; पण रात्री नऊ वाजता मुलगा गेला.

या हकीकतीतील घड्याळाकडे आपले लक्ष गेले असेल. सव्वादोन, साडेपाच, साडेसहा, नऊ. हे आकडे मी रंग भरण्यासाठी सांगितले नाहीत. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रात ते याच क्रमाने नोंदलेले आहेत. रोग्याला झालेल्या इजेची भरपाई मागण्याचा प्रश्न न्यायालयापुढे येतो तेव्हा पहिला साक्षीदार घड्याळ असते. कोण केव्हा आले, कोणी काय केव्हा पाहिले, काय केव्हा करायला हवे होते आणि ते केव्हा केले, याची उत्तरे मिळाल्याशिवाय न्यायाधीशाला पुढे पाऊल टाकता येत नाही. निदानाला किंवा उपचाराला उशीर झाला आणि त्यामुळे माणसाचे नुकसान झाले, तर त्या गेलेल्या वेळेचे उत्तरदायित्व कोणाचे, आणि त्याची किंमत कोणी मोजायची? या प्रश्नाला समाजाने वेगवेगळ्या काळी कोणती उत्तरे दिली, तेवढेच आज पाहावयाचे आहे.

वेळेचे महत्त्व वैद्यकाला नव्याने कळले असे नाही. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात क्रियाकालाचा विचार आहे. संचय, प्रकोप, प्रसर, स्थानसंश्रय, व्यक्ति आणि भेद अशा सहा पायऱ्या सांगून, पहिल्या पायरीवर दोष आवरला तर तो पुढे जात नाही, पुढच्या पुढच्या पायरीवर मात्र तो अधिकाधिक बळावतो, असे तेथे प्रतिपादन केले आहे. 'क्रियाकाल' हा शब्दच पाहा. क्रिया करण्याचा काळ! तो काळ ओळखणे हेच वैद्याचे कौशल्य. तो टळला तर तीच क्रिया तेच फळ देत नाही.

असे असताना काळ टाळणाऱ्या किंवा चुकीचा उपचार करणाऱ्या वैद्याला आपल्या जुन्या कायद्याने काय म्हटले? मनुस्मृती आणि याज्ञवल्क्यस्मृती या दोहोंत मिथ्या उपचार करणाऱ्या वैद्याला दंड सांगितला आहे. याज्ञवल्क्याने तर त्याच्या पायऱ्या लावून दिल्या: रोगी पशू असेल तर कनिष्ठ दंड, मनुष्य असेल तर मध्यम, आणि राजपुरुष असेल तर उत्तम. कौटिल्य याहून एक पाऊल पुढे जातो. जिवाला धोका असलेला उपचार आधी न कळवता आरंभला आणि रोगी दगावला तर एक दंड, उपचारातील दोषामुळे दगावला तर त्याहून मोठा दंड, असा भेद त्याने केला. पूर्वसूचना देणे हे वैद्याचे कर्तव्य आहे आणि ते न पाळणे हा स्वतंत्र अपराध आहे, ही कल्पना अर्थशास्त्रात आहे हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक नसेल.

पण एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. हा दंड राजाच्या कोशात जात असे. ज्याचा मुलगा गेला त्याच्या हातात त्यातले काही पडत नसे. भरपाईची कल्पना स्मृतिकारांना अपरिचित होती असेही नाही. मारामारीत कोणी कोणाला जखमी केले, तर जखम बरी होईपर्यंतचा खर्च मारणाऱ्याने द्यावा असे मनूने सांगितले आहे. त्या खर्चाला 'समुत्थानव्यय' असे फार सुंदर नाव आहे: पुन्हा उठून उभे राहण्याचा खर्च. काठी मारणाऱ्याकडून समुत्थानव्यय मागता येई. वैद्याच्या बाबतीत मात्र या वचनांत बोलतो तो दंडच.

इंग्रजी अंमलाबरोबर नुकसानभरपाईच्या दाव्याचा इंग्रजी कायदा आपल्याकडे आला. त्या कायद्यातही एक विलक्षण खोच होती. जखमी माणूस जगला तर त्याला भरपाई मागता येई. मेला तर त्याचा दावा त्याच्याबरोबरच मरे. म्हणजे ज्याने अर्धवट इजा केली त्याने पैसे द्यावे, आणि ज्याने जीवच घेतला त्याने मोकळे राहावे! आगगाड्यांचे अपघात वाढले तेव्हा हा न्याय इंग्लंडातल्या लोकांनाही सोसेना. १८४६ साली तेथे पार्लमेंटने कायदा करून मृताच्या निकटच्या आप्तांना दावा लावण्याचा अधिकार दिला, आणि १८५५ साली त्याच धर्तीचा प्राणांतिक अपघातांचा कायदा हिंदुस्थानात झाला. मृताची पत्नी, पती, आईबाप आणि मुले यांच्या वतीने भरपाई मागण्याची वाट अशी मोकळी झाली. वाट मोकळी झाली खरी, परंतु त्या वाटेने डॉक्टराविरुद्ध जाणारे फार थोडे निघाले. डॉक्टर हा घरोब्याचा माणूस. त्याच्यावर दावा लावणे म्हणजे देवाशी भांडणे अशी आपली समजूत, आणि वकिलाचा खर्च तर देवालाही परवडणारा नव्हे.

आता पालशेतच्या मुलाकडे परत येऊ. त्याच्या आईवडिलांनी दावा लावला. कायद्याच्या ग्रंथांत तो 'जोशी विरुद्ध गोडबोले' या नावाने ओळखला जातो. शल्यवैद्यांचे म्हणणे असे की, रक्तात चरबीचे कण अडकून मृत्यू आला. प्रवासाने थकलेल्या मुलाचे हाड बसवण्याचे काम आपण पुढे ढकलले होते आणि तूर्त पाय स्थिर करण्यापुरतेच प्लास्टर घातले होते. आईवडिलांचे म्हणणे असे की, योग्य ती भूल न देता, माणसांच्या साहाय्याने जोर लावून हाड बसवण्याचा प्रयत्न झाला आणि त्या धक्क्याने मुलगा गेला. येथे तक्रार उशिराची नव्हती, उलट अवेळी केलेल्या क्रियेची होती. परंतु मूळ प्रश्न तोच: ही क्रिया करण्याचा हा काळ होता काय? खालच्या न्यायालयाने आईवडिलांचे म्हणणे मानले आणि ३,००० रुपयांची भरपाई देवविली. मुंबई उच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला, आणि २ मे १९६८ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही त्यावर शिक्कामोर्तब केले.

या निकालात न्यायमूर्ती शेलत यांनी जी मांडणी केली तीच पुढे भारतातल्या अशा प्रत्येक खटल्याचा पाया झाली. रोगी डॉक्टराकडे येतो तेव्हा डॉक्टरावर तीन कर्तव्ये येतात. हा रोगी आपण हाती घ्यावा की नाही हे ठरवताना काळजी घेणे, हे पहिले. कोणता उपचार द्यावा हे ठरवताना काळजी घेणे, हे दुसरे. आणि ठरवलेला उपचार देताना काळजी घेणे, हे तिसरे. ही काळजी किती? अलौकिक कौशल्याची अपेक्षा कायदा करीत नाही, आणि अगदी कामचलाऊ कौशल्यावर भागवूनही घेत नाही. त्या परिस्थितीत वाजवी म्हणता येईल एवढे ज्ञान, एवढे कौशल्य, एवढी सावधगिरी. डॉक्टरांच्या दृष्टीने हा नियम न्याय्य आहे. रोगी दगावला म्हणजे डॉक्टर चुकला असे कायदा कधीच म्हणत नाही. आणि दोन जाणत्या डॉक्टरांचे मत भिन्न असू शकते हेही तो मान्य करतो.

पण मी आपले लक्ष दुसऱ्या एका हिशेबाकडे वेधू इच्छितो. मुलगा गेला ९ मे १९५३ रोजी; अखेरचा निकाल लागला २ मे १९६८ रोजी. पंधरा वर्षांना एक आठवडा कमी. रुग्णालयातले पावणेसात तास तपासण्यासाठी न्यायसंस्थेला पंधरा वर्षे लागली!

यापेक्षाही दीर्घ अशी एक कहाणी मराठवाड्यातली आहे. त्या काळी औरंगाबाद म्हणवणाऱ्या, आज छत्रपती संभाजीनगर हे नाव धारण करणाऱ्या शहरातील सरकारी रुग्णालयात १९६३ सालच्या जुलैमध्ये एक स्त्री बाळंत झाली. १० जुलैला मुलगा झाला. १३ जुलैला तिच्यावर संततिनियमनाची शस्त्रक्रिया झाली. इतक्या साध्या शस्त्रक्रियेनंतर येऊ नये असा ताप तिला भरला, पोटात असह्य कळा येऊ लागल्या. नवऱ्याने दुसऱ्या एका डॉक्टरांना गळ घातली. १५ जुलैला त्यांनी तपासले, आणि टाके उसवून पोट पुन्हा उघडून पाहावे असे त्यांनी सुचवले, अशी वादीची हकीकत आहे. ती सूचना अमलात आली नाही. १९ जुलैला प्रकृती अगदी हाताबाहेर गेल्यावर त्याच डॉक्टरांना पुन्हा बोलावले. पोट उघडले तो आत पू साठलेला, आणि पहिल्या शस्त्रक्रियेच्या वेळी राहून गेलेला एक कापडाचा बोळा! २४ जुलैला ती माउली गेली.

बोळा राहिला ही एक चूक. परंतु १५ ते १९ हे चार दिवस ही दुसरी. ताप आणि कळा काहीतरी सांगत होत्या आणि ते ऐकण्याचे काम ज्यांचे होते त्यांनी ते चार दिवस ऐकले नाही, असे नवऱ्याचे गाऱ्हाणे होते. उशिरा झालेल्या निदानाचे स्वरूप पुष्कळदा असेच असते. रोग लपलेला नसतो. त्याकडे पाहायला कोणी तयार नसते.

नवऱ्याने आणि मुलांनी १,७५,००० रुपयांचा दावा लावला. खालच्या न्यायालयाने ३६,००० रुपये मंजूर केले. उच्च न्यायालयाने तो हुकूमनामा रद्द केला. नेमका कोणाचा निष्काळजीपणा हे सिद्ध होत नाही, आणि नोकरांच्या अशा चुकीबद्दल सरकारला धरता येत नाही, असे धोरण पडले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. तेथे २० फेब्रुवारी १९९६ रोजी निकाल लागला: बोळा पोटात राहतो ही गोष्टच स्वतःच्या तोंडाने बोलते, तो कोणी ठेवला हे रोग्याच्या नातलगांनी सिद्ध करत बसण्याची गरज नाही, आणि रुग्णालय चालवणे हे राजसत्तेचे असे काम नव्हे की, त्यातील हयगयीबद्दल सरकारने हात वर करावे. ३६,००० रुपयांचा हुकूमनामा पुन्हा उभा राहिला. १९६३ साली जन्मलेले ते मूल त्या वेळी बत्तीस वर्षांचे झाले असणार. आईच्या चार दिवसांचा हिशेब मुलाच्या अर्ध्या आयुष्याएवढा लांबला.

येथपर्यंत आपण जे खटले पाहिले त्यांत चूक आणि मृत्यू यांचा संबंध जोडता आला. परंतु उशिराच्या खटल्यात खरी अडचण याच सांध्यावर येते. डॉक्टर उशिरा आला हे सिद्ध झाले. पण तो वेळेवर आला असता तर रोगी वाचला असता काय? याचे एक कठोर उदाहरण इंग्लंडात घडले. १९६६ च्या १ जानेवारीची पहाट. लंडनमधील एका महाविद्यालयाच्या तीन पहारेकऱ्यांनी चहा घेतला आणि तिघांनाही ओकाऱ्या सुरू झाल्या. ते जवळच्या रुग्णालयात गेले. तेथील डॉक्टराने त्यांना पाहिलेच नाही. परिचारिकेकरवी दूरध्वनीवरून निरोप दिला की, घरी जाऊन झोपा आणि आपापल्या डॉक्टराला बोलवा. त्यांतला एकजण दुपारी मेला. चहात सोमल होता. विधवेने दावा लावला. न्यायालय म्हणाले, रोग्याला न तपासणे ही हयगय झाली यात शंका नाही. पण दाखल करून घेतले असते तरी विषाचे निदान होऊन उतारा मिळेपर्यंत तो वाचला नसता. तेव्हा हयगय खरी, भरपाई नाही.

दुसरे उदाहरण १९७७ चे. तेरा वर्षांचा एक मुलगा झाडाला बांधलेल्या दोरीवरून पडला. खुब्याचे हाड मोडल्याचे रुग्णालयाच्या ध्यानात आले ते पाच दिवसांनी, आणि मुलगा जन्माचा अधू झाला. पहिल्या न्यायाधीशाने हिशेब केला: वेळीच निदान झाले असते तरी अधूपण येण्याचा संभव शंभरात पंचाहत्तर होता, म्हणजे रुग्णालयाने त्याची पंचवीस टक्के आशा हिरावून घेतली, तेवढी भरपाई, ११,५०० पौंड, द्यावी. सामान्य माणसाला हा हिशेब पटण्यासारखा आहे. परंतु १९८७ साली हाऊस ऑफ लॉर्ड्सने तो उलटवला. संभव निम्म्याहून अधिक असेल तर ते सिद्ध, निम्म्याहून कमी असेल तर असिद्ध. अर्धवट आशेची किंमत कायदा करत नाही, असा त्याचा इत्यर्थ. २००५ साली याच सभागृहापुढे एका कर्करोग्याचे प्रकरण आले. काखेतली गाठ निरुपद्रवी आहे असे सांगून डॉक्टरांनी त्याला परत पाठवले होते. निदानाला नऊ महिने उशीर झाला आणि बरे होण्याची त्याची आशा ४२ टक्क्यांवरून २५ टक्क्यांवर आली. पाच न्यायाधीशांपैकी तिघांनी त्याचा दावा फेटाळला, दोघांना तो मान्य करावा असे वाटले. मूळची आशाच निम्म्याहून कमी होती, म्हणून तिच्यातून काय गेले ते मोजायचे नाही! तीन विरुद्ध दोन या आकड्यांवरूनच या प्रश्नाने न्यायाधीशांना किती अस्वस्थ केले ते दिसते.

आपल्याकडेही भरपाई मागणाऱ्याला हयगय आणि इजा यांचा सांधा दाखवावा लागतो. मात्र १९९६ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयाने याच प्रश्नाकडे अगदी निराळ्या बाजूने पाहिले. ती हकीकत बंगालमधली आहे, आणि तीही घड्याळाचीच आहे.

८ जुलै १९९२ च्या संध्याकाळी पावणेआठच्या सुमारास मथुरापूर स्टेशनात एक शेतमजूर आगगाडीतून पडला. डोक्याला जबर मार लागला. प्राथमिक आरोग्यकेंद्रात सोय नव्हती म्हणून त्याला मोठ्या रुग्णालयात न्यायला सांगितले. रात्री पावणेबाराला कलकत्त्याच्या पहिल्या सरकारी रुग्णालयात नेले. तेथे क्ष-किरणचित्रे काढून, ताबडतोब दाखल करणे जरूर आहे असे लिहून दिले, पण खाट रिकामी नव्हती. दुसऱ्या रुग्णालयातही खाट नव्हती. रात्री एकला तिसऱ्यात नेले. तेथे या इजेचा विभाग नव्हता. दोनला चौथ्यात, खाट नाही. सकाळी आठला पाचव्यात. मेंदूत रक्तस्राव झाल्याचे तपासणीत दिसले, पण असे तातडीचे काम तेथे होत नव्हते. दहाला सहाव्यात, तेथेही मेंदूच्या शस्त्रक्रियेची सोय नाही. अखेर एका खाजगी रुग्णालयात त्याला घेतले. २२ जुलैपर्यंत तो तेथे होता, आणि त्याला सुमारे १७,००० रुपये खर्च आला. शेतमजुराला सतरा हजार म्हणजे किती, हे मी आपणांस सांगायला नको.

हा माणूस वाचला. इंग्रजी हिशेबाने पाहिले तर न्यायालयाने त्याला पहिला प्रश्न विचारायला हवा होता की, बाबा रे, या चौदा तासांमुळे तुझे जास्तीचे बिघडले काय? आपल्या न्यायालयाने तो प्रश्न मध्ये येऊ दिला नाही. ६ मे १९९६ च्या निकालात ते म्हणाले की, संविधानाच्या एकविसाव्या अनुच्छेदाने प्रत्येकाला जीविताचा हक्क दिला आहे. संकटात सापडलेल्या माणसाला वेळेवर उपचार देणे हे सरकारचे कर्तव्य आहे. सरकारी रुग्णालयांनी ते दिले नाहीत हाच त्या हक्काचा भंग. आणि पैशाची चणचण ही सबब येथे चालणार नाही. त्या मजुराला २५,००० रुपये देवविले. शिवाय कोणत्या रुग्णालयात खाट रिकामी आहे हे एका ठिकाणी कळण्याची व्यवस्था करावी, रुग्णवाहिका ठेवाव्या, तालुक्याजिल्ह्याच्या ठिकाणच्या सोयी वाढवाव्या असेही बजावले. त्यापूर्वी १९८९ साली याच न्यायालयाने सांगितले होते की, अपघाताचा रोगी समोर आल्यावर पोलिसी कागदपत्रांची वाट न पाहता आधी जीव वाचवणे हे प्रत्येक डॉक्टराचे कर्तव्य आहे, मग तो सरकारी असो की खाजगी.

या निकालाचे महत्त्व मला असे वाटते. गेलेली वेळ ही आजवर इजेचे कारण म्हणून मोजली जात होती. येथे तीच इजा म्हणून मोजली गेली. दाराशी आलेल्या माणसाला आत न घेता परत पाठवणे हेच नुकसान. त्यातून पुढे काय घडले हा नंतरचा प्रश्न. क्रियाकाल हा वैद्याच्या शास्त्रातला शब्द होता. तो या निकालाने जणू नागरिकाच्या हक्कांत आणून बसवला. मर्यादा एवढीच की, हा हक्क मागायचा तो सरकारकडे. खाजगी रुग्णालयातल्या दिरंगाईला उपाय काय?

तो उपाय १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने दिला, असे १३ नोव्हेंबर १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ठरवले. पैसे घेऊन केलेला उपचार ही सेवा, आणि सेवेत उणीव राहिली तर रोग्याला ग्राहक न्यायमंचाकडे जाता येईल. डॉक्टरांच्या संघटनेने याला कसून विरोध केला होता. वैद्य आणि रोगी यांच्यातील विश्वास बाजारातल्या देवघेवीसारखा होईल ही त्यांची भीती सर्वस्वी खोटी होती असे मी म्हणणार नाही. पण दिवाणी न्यायालयाची पंधरा आणि तेहतीस वर्षे ज्यांनी पाहिली त्यांना दुसरा मार्ग दाखवणेही प्राप्तच होते. गंमत अशी की, जेथे सर्वांनाच उपचार फुकट मिळतात अशी रुग्णालये या कायद्याच्या बाहेर राहिली. म्हणजे ज्याने पैसे मोजले त्याला जवळचे दार, आणि ज्याच्यापाशी मोजायला पैसे नाहीत त्याला दिवाणी न्यायालयाचे किंवा उच्च न्यायालयाचे लांबचे दार! आता या कायद्याची जागा २०१९ च्या कायद्याने घेतली आहे. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते, आणि शक्य तो नोटीस पोचल्यापासून तीन महिन्यांत तिचा निकाल लावावा अशी कायद्याची इच्छा आहे. इच्छा आहे, एवढेच आज मी म्हणतो.

या मार्गानेही काय साधते याचे एक उदाहरण देतो. २००२ साली हैदराबादेत एका स्त्रीला थंडी वाजून ताप येत होता. रुग्णालयाने विषमज्वराचा उपचार चालवला, होता हिवताप. चार दिवसांनी तिला दुसरीकडे हलवले, पण ती वाचली नाही. जिल्हा मंचाने नवऱ्याला दोन लाख रुपये देवविले, वरच्या आयोगांनी ते काढून घेतले, आणि २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा दिले. तेथे एक मोलाची गोष्ट सांगितली गेली: प्रत्येक प्रकरणात दुसऱ्या तज्ज्ञ डॉक्टराची साक्ष आणलीच पाहिजे असा नियम नाही. डोळ्यांना दिसणारी चूक पाहायला चष्मा लागत नाही. एका डॉक्टराविरुद्ध दुसरा डॉक्टर साक्षीला उभा करणे किती कठीण असते हे ज्यांनी अनुभवले आहे, त्यांना या वाक्याचे मोल कळेल.

म्हणून शेवटी कागदाविषयी दोन शब्द. घड्याळ साक्षीदार असते खरे, पण ते न्यायालयात बोलते ते कागदाच्या तोंडाने. रोग्याचे कागद नातलगांनी मागितले असता गुप्ततेची सबब सांगून ते नाकारता येणार नाहीत, असे मुंबई उच्च न्यायालयाने १९९६ साली सांगितले. पुढे २००२ च्या वैद्यकीय आचारनियमांनी, दाखल झालेल्या रोग्याचे कागद तीन वर्षे जपावे आणि मागणी झाल्यापासून ७२ तासांत द्यावे, असे डॉक्टरांवर बंधन घातले. आपल्या घरातले माणूस रुग्णालयात असते तेव्हा आपले चित्त थाऱ्यावर नसते, हे मी जाणतो. तरीही एखाद्या जबाबदार माणसाने वहीच्या एका पानावर, केव्हा आलो, कोणी पाहिले, काय सांगितले, कोणते औषध केव्हा दिले, एवढे लिहून ठेवावे. भांडण करण्यासाठी लिहावे असे मी म्हणत नाही. बहुतेक वेळा ते पान डॉक्टरांच्याच उपयोगी पडेल. ताप केव्हा चढला आणि कळ केव्हा सुरू झाली हे त्यांना त्यावरून कळेल. पालशेतच्या आईने साडेसहा वाजता मुलाच्या श्वासाकडे पाहिले. औरंगाबादच्या नवऱ्याने १५ तारखेला दुसऱ्या डॉक्टरांचे दार ठोठावले. पाहणारे आणि दार ठोठावणारे माणूस जवळ असणे हाच रोग्याचा पहिला आधार असतो.

तीन हजार रुपये, छत्तीस हजार रुपये, पंचवीस हजार रुपये. या रकमांनी कोणाचा मुलगा परत आला नाही, की कोणाची आई. मग हे लोक पंधरा आणि तेहतीस वर्षे कशासाठी झगडले? पैशासाठी म्हणावे तर त्याहून अधिक पैसा आणि आयुष्य त्यांचे त्यातच गेले असेल. मला वाटते, घडले ते नशिबाने घडले असे म्हणून घरी बसायला त्यांनी नकार दिला. काय घडले ते कोणीतरी अधिकाराने, तारीखवार आणि तासवार लिहून ठेवावे एवढीच त्यांची मागणी होती. ते लिहिले गेले. डॉक्टरांची तीन कर्तव्ये आज कायद्याच्या विद्यार्थ्याला पाठ असतात, ती त्या आईवडिलांच्या चिकाटीमुळे. अपघातात सापडलेल्या अनोळखी माणसाला आज रुग्णालयाने दारातून परत पाठवले, तर त्याच्या बाजूने बोलायला कायदा आहे, तो त्या शेतमजुरामुळे. त्यांनी मागितलेल्या समुत्थानव्ययातून त्यांना स्वतःला थोडे मिळाले. बाकीचे आपल्या सर्वांच्या खात्यावर जमा आहे.